एकतीस जानेवारी अधिक एक महिना

४ मार्च, मंगळवार

सकाळी बसमध्ये होते तेव्हा ज्योत्स्नाचा फोन. करडी गावची, शाळेत माझ्या बाकावर बसायची. आवाज आधी ओळखूच आला नाही. तिच्या परीला भंडाऱ्याला भरती केलंय. परी नऊ वर्षांची, सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे तिला. कालपासून हातपाय दुखून नुसती रडतेय.

"काल गाडी आलीच नाई वो शुभा. मी पोरीले घेऊन सकाळपासून चौकात बसली होती. गोळ्या परवाच सरल्या. मेसेजात तीन तारीख होती. तुमच्याच ऑफिसातून येते ना तो मेसेज?"

हो म्हणाले. आमच्याच.

आमचं ऑफिस एका आरोग्य संस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळतं. त्या संस्थेची फिरती दवाखान्याची गाडी करडीला महिन्याच्या शेवटच्या तारखेला जाते. आधी नर्स चिठ्ठीवर पुढची तारीख लिहून द्यायची. या जानेवारीपासून चिठ्ठ्या बंद, तारीख मोबाईलवर. तो भाग मी लिहिला. ऑफिसमधलं पहिलं काम, जे सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझं.

शेवटची तारीख अठ्ठावीस होती. तीन कुठून आली?

५ मार्च

ऑफिसच्या आधी दवाखान्यात गेले. परी झोपलेली, सलाईन लावलेलं. ज्योत्स्नाने स्टूल माझ्याकडे सरकवलं, स्वतः उभी राहिली. मी बसले. का बसले कोण जाणे.

"अठ्ठावीसले गाडी दिसली होती मले," ती म्हणाली. "धानाच्या रोवण्यावरून येताना. वाटलं, दुसऱ्या कामानं आली असन. मेसेजात तीन होती ना."

गाडी डोळ्यांनी पाहिली, तरी विश्वास मेसेजवर ठेवला.

बाहेर येऊन संस्थेच्या डॉ. मॅडमना फोन केला. त्यांच्या नर्सने सांगितलं होतं की करडीत या वेळी कोणीच फिरकलं नाही. उन्हाळी धानाचे रोवणे सुरू आहेत म्हणून असेल, असं त्यांना वाटलं. म्हणाल्या, गोळ्या दोन दिवस चुकल्या म्हणूनच पोरीला त्रास झाला, असं छातीठोक नाही सांगता येणार. पण मेसेज आजपासून बंद ठेवा, आम्ही फोन करू सगळ्यांना. आणि चूक कुठे झाली ते मला लेखी हवं.

६ मार्च, गुरुवार

सापडलं. अर्धंच.

३१ जानेवारीत एक महिना मिळवला की आमचं सॉफ्टवेअर ३ मार्च सांगतं. ३१ फेब्रुवारी नसतेच, मग ते उरलेले तीन दिवस मार्चमध्ये ढकलतं. बाकी गावांना गाडी महिन्याच्या मधेच जाते, म्हणून फटका फक्त करडीला.

पण महिना मिळवायचं फंक्शन, कोडातला तेवढा तुकडा, मी लिहिलेलंच नाही. ज्या प्रोग्रामिंगच्या भाषेत आम्ही लिहितो, तिच्यासोबतच ते येतं, तिच्या लायब्ररीत तयार. वेगळी फाईल उघडून ते एकटं चालवून पाहिलं. २८ फेब्रुवारी. तीनदा चालवलं, तीनदा २८. आमच्या सॉफ्टवेअरमधून चालवलं की ३ मार्च.

ऑफिस प्रशांत सरांचं; त्यांना दाखवलं. "आधी आपलंच पाहायचं, शुभांगी. चूक नेहमी आपल्याच कोडात असते." खरंय, सरांनीच शिकवलंय ते. आख्खा दिवस माझाच कोड वाचत बसले, ओळ न् ओळ. निघताना सर म्हणाले, "टेन्शन नको घेऊ. उद्या मिळून पाहू."

एक लिहून ठेवते, नाहीतर पुढे सोयीने विसरेन. टेस्ट करताना मी सगळ्या तारखा पाच, दहा, पंधरा अशाच घेतल्या होत्या. महिनाअखेर घेतलीच नाही. हे माझं.

७ मार्च

सरांना दाखवायला म्हणून सकाळी परत चालवलं. २८ फेब्रुवारी!

काल ३ मार्च, आज २८ फेब्रुवारी. मी कशाला हात लावलेला नाही. आधी तर हसूच आलं.

मग बदलांची नोंद उघडली. कोणी, कधी, काय बदललं, सगळं तिथे राहतं. काल संध्याकाळी ६.४०. प्रशांत सर. शेरा: "मोकळ्या जागा ठीक केल्या."

मोकळ्या जागा नाहीत. आठ वर्षांपूर्वीचं एक फंक्शन पूर्ण काढलंय आणि त्या जागी भाषेचं लावलंय. जुनं मी वाचलं. बावीस ओळी. महिन्यांचे दिवस हाताने मांडलेले: ३१, २८, ३१, ३०. नाव मात्र हुबेहूब लायब्ररीतल्याचं. लिहिणारे सर.

आमच्याकडे तारखांचं काम 'कॉमन' नावाच्या फोल्डरमधूनच घ्यायचं, हा सरांचा दंडक. तो फोल्डर आम्ही उघडायचा नाही. जानेवारीत मी विचारलं होतं, सर, आत काय आहे? "काही नाही गं. आत भाषेचंच फंक्शन आहे, वरून फक्त आपलं वेष्टण."

६.४० ला मी बसस्टँडवर उभी होते. माझीच चूक शोधत, डोक्यात.

८ मार्च, शनिवार

सुट्टी. कपडे धुतले. दोनदा धुतले बहुतेक.

ऑफिसच्या भिंतीवर सरांनी कागद लावलाय. "जे भाषेत तयार आहे, ते पुन्हा लिहायचं नाही." नवीन माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी हाच कागद. मलाही.

दोन वर्षांपूर्वीचं आठवतंय. कुऱ्हाडे हे आमचं आडनाव. त्यातलं ऱ्ह मोबाईलवर एका तऱ्हेने टाईप होतं, ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या. डोळ्याला तेच दिसतं, पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी नावं. यादीत शोधलं की माणूस सापडतच नाही. मी चार दिवस बसून एक फंक्शन लिहिलं, दोन्हींना एक मानणारं. सरांनी ते चौघांसमोर स्क्रीनवर काढलं आणि पुसलं.

"भाषा बनवणारे मूर्ख होते का, शुभांगी? जगाने हजारदा तपासलेलं सोडून तुझं चार दिवसांचं वापरायचं? उद्या तू नोकरी सोडली तर हे कोण सांभाळणार?"

तेव्हा वाईट वाटलं. पण पटलंही होतं. ऋतुजा कामाला लागली तेव्हा मी तिला हेच वाक्य ऐकवलं, त्याच आवाजात. आणि आजही मला ते बरंचसं पटतंच.

तेच तर...

१० मार्च, सोमवार

संस्थेला पत्र गेलं. मला दाखवलं नाही. डॉ. मॅडमनी ऑफिसच्या मेलवर पोच पाठवली, तिच्याखाली पूर्ण पत्र होतं.

"नव्याने तयार केलेल्या मेसेज विभागात संबंधित डेव्हलपरकडून तारखेची तपासणी राहून गेल्याने..."

संबंधित डेव्हलपर. नाव नाही. पण मेसेज विभाग कोणी केला हे मॅडमना माहीत आहे, जानेवारीत मीच जाऊन समजावून आले होते.

डबा खाल्ला नाही. ऋतुजाने विचारलं, बरं नाही का. बरं आहे म्हटलं.

११ मार्च

गेले आत. नोंदीचा कागद छापून नेला होता. टेबलावर ठेवला.

प्रशांतने (आजपासून इथे सर लिहिणार नाही) कागद स्वतःकडे ओढून वाचला. मग म्हणाला, "तेव्हा आपल्या सर्व्हरवर भाषेची जुनी आवृत्ती होती. तिच्यात हे फंक्शन नव्हतंच. लिहिण्याशिवाय इलाज नव्हता."

नंतर जाऊन तपासलं. खरं आहे. नव्हतं.

"मग नंतर काढलं का नाही?"

"चालून राहिलं होतं ना. तेव्हा काम वाचनालयाचं होतं. पुस्तक परत करायच्या तारखेले दोन दिवस इकडेतिकडे झाले तर कोण पाहते?" तो चिडला की भंडाऱ्याचा होतो.

"आणि मला सांगितलं ते? आत भाषेचंच आहे म्हणून?"

त्याने खिडकीकडे पाहिलं. "सांगाले लाज वाटली असन. तुम्हाला सगळ्यांना भिंतीवरचा तो कागद दाखवतो मी."

एवढ्यावर थांबला असता तर कदाचित मी... पण पुढे म्हणाला, "हे पाह्य, संस्थेत माझं नाव गेलं तर काम जाईल. तुझं गेलं तर म्हणतील, नवीन आहे, शिकून राहिली."

नवीन. सहा वर्षं झाली मला.

१४ मार्च, धुळवड

घरीच. माय विचारते, चार दिवसांपासून तोंड कायले पाडून बसली आहेस.

तिला कसं सांगायचं? म्हटलं, समज बाजारात शिक्क्याचं किलोचं वजन मिळतं. एकाने ते न घेता घरी दगड घासून किलो बनवला. वरून शिक्काही मारला. आम्ही शिक्का पाहून तोलत राहिलो.

माय म्हणाली, "त्याच्या वेळी वजन भेटतच नसन तर? मंग दगड नाई घासन त काय करन?"

भेटत नव्हतं म्हटलं, खरंच.

"मंग घासला त काय झालं. शिक्का कायले मारला?" थोड्या वेळाने परत: "पण तुह्या बाबाले समजावाले कोण आलता इथं? पोरगी रोज भंडाऱ्याले जाणार म्हणून बाबा तयार नव्हते. तुहा हाच सर दोन घंटे बसला होता या खाटेवर. ते नको विसरू."

विसरले नाही. विसरता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

१७ मार्च, सोमवार

आज कॉमन फोल्डर उघडला. कोणाला न विचारता.

तीसच्या वर फंक्शनं. जवळजवळ सगळ्यांना लायब्ररीतलीच नावं, आत सगळं प्रशांतच्या हातचं. काही मोडकी. काही, खोटं कशाला बोलू, सुरेख. अंकाचं अक्षरी करण्याचं तर वाचतच राहिले.

सव्विसावं उघडलं. नावं जुळवायचं.

पहिल्या तीन ओळींतच ओळखलं. ओळी माझ्या. ऱ्ह साठीची तीच युक्ती, तोच क्रम. खाली तपासण्यासाठी म्हणून नावं दिलेली: शेवंता कुऱ्हाडे. माझ्या मायचं नाव. मी टाकलेलं.

वर लिहिलंय, लिहिणारे: प्रशांत. तारीख, चौघांसमोर पुसलं त्यानंतर तीन आठवड्यांची.

१८ मार्च

ऑफिसला गेले नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नाही.

२० मार्च, गुरुवार

विचारलं. या वेळी दारातच उभी राहून.

"नियम म्हणून काढलं होतं. मग एका शाळेच्या यादीत पोरांची नावं सापडेनात. वऱ्हाडे, गोऱ्हे, कोणीच नाही. लायब्ररीत त्याचं काहीच नाही. परत लावावं लागलं."

"मग सांगायचं होतं."

"चौघांसमोर काढलं होतं ना. कोणत्या तोंडानं सांगू?"

"आणि माझं नाव?"

"फोल्डरमध्ये सगळ्यावर माझंच पडते. आपोआप."

आपोआप पडत नाही. हाताने टाईप करावं लागतं. त्यालाही माहीत आहे, मलाही.

ऋतुजा बाहेर सगळं ऐकत होती. चहा घेऊन आली माझ्यासाठी. भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं तिने एकदा.

दोन वर्षं मी स्वतःला सांगत आले की माझं फंक्शन वाईट होतं.

२३ मार्च, रविवार

करडीला गेले. परी घरी आलीय, अंगणात खेळत होती. पायात चपला नाहीत म्हणून ज्योत्स्ना तिच्यावर ओरडत होती. बरं वाटलं ते ओरडणं ऐकून.

ज्योत्स्नाला सगळं सांगितलं. फोल्डर, वेष्टण, ६.४०, पत्र, माझं नाव. वाटलं होतं ती म्हणेल, कसा मानूस आहे वो तो. पदराने हात पुसत ऐकत राहिली.

"म्हणजे त्याच्यात आत काय आहे, तुले माहीतच नव्हतं?"

नाही म्हटलं.

"पाह्यलंही नाई?"

नाही. पाहायचं नाही असं सांगितलेलं...

"अन् आमाले पाठवून दिलं."

रागाने म्हणाली नाही. नुसतं समजून घेत असल्यासारखं. मग आत जाऊन भाकरी टाकली, जेवूनच जा म्हणाली. जेवले. तिच्यासमोर ताटात टाकता येईना.

परत येताना बसमध्ये एक ओळ सारखी डोक्यात: मला फसवलं. आणि तिला कोणी? तिच्या मोबाईलवर तर मेसेज माझ्याकडूनच गेला.

२५ मार्च, मंगळवार

मेसेज उद्यापासून परत सुरू करायचेत. त्याआधी डॉ. मॅडम ऑफिसला आल्या. टेबलावर एक फॉर्म ठेवला. म्हणाल्या, "मला कॉम्प्युटरमधलं समजत नाही. पण आमच्याकडे औषधाच्या प्रत्येक बाटलीवर लिहिलेलं असतं, कोणी बनवलं, कोणी तपासलं. तसं द्या. तुम्ही घरी बनवलंय का बाहेरून आणलंय, याला माझी हरकत नाही. कळू द्या फक्त." चूक ज्यात होती तेही फॉर्मात हवं, काढलं असलं तरी.

त्या गेल्यावर ऋतुजा म्हणाली, सगळंच काढून टाकू ना ताई, जे जे घरचं आहे ते. भाषेचं लावू. कटकट मिटेल.

प्रशांत म्हणाला, बरोबर आहे.

मी म्हटलं, आधी करडी चालवून पाहू. भाषेचंच फंक्शन, त्याने ६.४० ला लावलेलं. मागची गाडी २८ फेब्रुवारी, अधिक एक महिना.

२८ मार्च.

गाडी जाणार ३१ ला.

ऋतुजाने परत चालवलं. २८ मार्च. भाषेची चूक नाही. तिला विचारलं महिना मिळव, तिने मिळवला. आपल्याला हवी होती पुढच्या महिन्याची शेवटची तारीख. हे मी जानेवारीतच विचारायला हवं होतं, करडीच्या नर्सला, एका फोनवर. आणि मोकळ्या जागा ठीक करून हा माणूस गप्प बसला होता. ज्योत्स्ना परत तीन दिवस आधी पोरीला घेऊन चौकात बसली असती.

सहा ओळी लिहिल्या. घरच्या. शेवटची तारीख काढणाऱ्या. आत भाषेचंच थोडं वापरलं, जिथे ते पुरत होतं तिथे. बाराही महिने तपासले, लीप वर्षाचा फेब्रुवारीही. ऋतुजाकडून परत तपासून घेतले. वर नाव टाकलं. लिहिणारी: शुभांगी कुऱ्हाडे. तपासणारी: ऋतुजा.

तीसातली बहुतेक काढली दिवसभरात. अंकाचं अक्षरी ठेवलं, भाषेत मराठीसाठी तसं नाहीच. नावं जुळवायचंही ठेवलं. प्रशांत विरोध करेल वाटलं होतं. नाही केला.

२७ मार्च, गुरुवार

सकाळी आले तर फॉर्म माझ्या टेबलावर. प्रशांतच्या अक्षरात भरलेला.

नावं जुळवणे. लिहिणारे, यापुढे आधी त्याने स्वतःचं नाव लिहिलं होतं, ते खोडून माझं. खोडलेलं स्पष्ट वाचता येतं. नवा फॉर्म घेता आला असता. घेतला नाही, हे चांगलं की वाईट, ठरवता येईना.

शेवटची तारीख काढणे. माझं, ऋतुजाचं. बरोबर.

सगळ्यात खाली, महिना मिळवणे, जुने, काढून टाकलेले. लिहिणारे: त्याचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. तपासणारे: रिकामं.

तो आला, उभाच राहिला. "तिथं तुझं लिहिशील का?"

"मी तपासलं नव्हतं."

"वापरलं तर तूच ना पहिल्यांदा पेशंटसाठी. तपासायला पाहिजे होतं, हे तूच म्हणतेस." मग हळू, "एकट्याचंच नाव दिसलं तर ते काम काढून घेतील, शुभांगी. ऋतुजाचंही जाईल त्यात. दोघांचं असलं तर ऑफिसची चूक म्हणतील."

पहिल्या पत्रात माझं एकटीचं चाललं होतं. हे ओठांवर आलं. म्हटलं नाही.

वाईट हे की तो पूर्ण खोटं बोलत नाहीये. ज्योत्स्ना अंगणात तेच म्हणाली होती. तिच्यासमोर मी मान खाली घातली. याच्यासमोर घालवत नाही. वाक्य तेच आहे.

"कोणीही नाही" असं लिहावं का त्या रकान्यात? खरं तर तेच आहे. आठ वर्षं कोणीही नाही. की माझं लिहावं आणि पुढे कंसात, तपासले नाही. की तो रकाना तसाच रिकामा सोडावा?

मेसेज काल गेले. करडीला ३१ मार्च. तरी सकाळी ज्योत्स्नाला फोन केला. "आला मेसेज," म्हणाली, "पण मी नर्सबाईले विचारून घेतलं." बरं केलंस म्हटलं.

फॉर्म न्यायला संस्थेचा माणूस अकराला येणार आहे. आता पावणेअकरा. बाहेर कोणीतरी गाडी लावतंय. प्रशांतच्या खोलीचं दार उघडं आहे, तो इकडे पाहत नाही. मी पेनाचं टोपण काढलंय.